निष्कलंक माणसाचा फ्लेक्स

दापोडीत रेल्वेलाइनला लागून आमची गल्ली आहे. त्या गल्लीला बुद्धरत्न ओव्हाळ नावाचा एक त्रास आहे. तो भांडत नाही, पीत नाही, टीव्हीचा आवाज वाढवत नाही. तो फक्त नियम पाळतो. पण सगळे पाळतो, रोज पाळतो आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पाळतो.

पहाटे पहिल्या शिफ्टला चाकणकडे निघाला की नाशिक फाट्याच्या लाल दिव्याला हा गाडी बंद करून उभा राहतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मागून आलेला माणूस हॉर्न वाजवून वाजवून थकतो. मग हा मान वळवून गोड हसतो आणि बोटाने दिवा दाखवतो. आमची गल्ली एकेरी वाहतुकीची आहे, हे गल्लीत फक्त यालाच माहीत आहे. डबा विसरला म्हणून कोपऱ्यावरून परत फिरायचं झालं, तर हा गाडी ढकलत आणतो. कचऱ्याचं तर विचारूच नका. ओला आणि सुका एकत्र टाकलेला दिसला की हा तुमचा डबा तुमच्या दारात परत आणून ठेवतो. वर म्हणतो, "ताई, चुकून झालं असेल."

माणूस व्यवसायाने रंगारी. म्हणजे चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात फवाऱ्याने गाड्या रंगवतो. पांढरा डगला, तोंडावर मुखवटा, हातात फवारा. वीसेक वर्षं हेच. त्याने रंगवलेल्या गाड्या जहाजात बसून कुठल्या कुठल्या देशात गेल्या. "माझा हात मेक्सिकोला पोचलाय," तो म्हणायचा, "मी मात्र अजून भोसरी ओलांडली की चाकणलाच उतरतोय." या वीस वर्षांत ठेकेदार बदलले, गळ्यातलं ओळखपत्र बदललं, पण हा ठेकेदाराचाच राहिला. आमच्या पट्ट्यात 'पर्मनंट' हा शब्द लोक इतक्या हळू आवाजात उच्चारतात, की नवख्याला वाटावं कुणाला तरी झोप लागलीय. बुद्धरत्नने तर तो उच्चारायचंही सोडून दिलं होतं.

आणि मग स्लोव्हाकियातून बोलावणं आलं.

तिथल्या एका कारखान्याला रंगारी हवे होते, आणि जागा पर्मनंट होती. चाकणला परीक्षा झाली. प्रत्येकाला मोटारीचं एक दार रंगवायला दिलं. तिकडून आलेल्या साहेबाने बुद्धरत्नच्या दारावर बॅटरीचा झोत टाकून पाहिलं, मग बुद्धरत्नकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि याची निवड झाली. अट एकच. महिनाअखेरीच्या आत पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट द्यायचं. या माणसावर कुठेही गुन्हा दाखल नाही, असा सरकारी दाखला. तो वेळेत आला नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाची.

दुसरा कुणी असता तर कटकट म्हणाला असता. बुद्धरत्नचा चेहरा मात्र बोर्डात नंबर आल्यासारखा झाला. बायकोला, मिनलला, तो म्हणाला, "इतकी वर्षं नियम पाळतोय, कुणी विचारलं नाही बघ. शेवटी स्लोव्हाकियाने विचारलं."

"मी रोज विचारायची की," मिनल म्हणाली, "कशाला पाळता म्हणून."

त्याने ऑनलाइन अर्ज भरला. पासपोर्ट कार्यालयात जायच्या दिवशी दाढी, इस्त्री, पॉलिश सगळं करून गेला. परत आला तो बातमी घेऊन. सोमवारी दुपारी हद्दीतल्या ठाण्याचे हवालदार घरी येणार होते. पत्ता बघणार, चौकशी करणार. शेजारचे दोन साक्षीदार लागणार होते. त्याने एक म्हणून मला धरलं, कारण मी समोर राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या म्हणून पिठाची गिरणी चालवणाऱ्या इंदुताईंना धरलं. त्यांना नाही म्हणता येतं, पण त्या म्हणाल्या नाहीत.

पंचाईत झाली ती त्याच्या आईची. सरूबाईंचं सगळं आयुष्य कारखान्यात राबणाऱ्या नवऱ्याचे डबे भरण्यात गेलं. घरात ना कधी कोर्टाचा कागद आला, ना पोलिसाचा बूट.

"पोलीस? आपल्या दारात?"

"आई, चांगल्या कामाला येणार आहेत."

"पोलीस चांगल्या कामाला येतो व्हय? गल्ली काय म्हनंल?"

गल्लीने काही म्हणायच्या आत आपणच सांगितलेलं बरं, असा विचार करून सरूबाई दारोदार फिरल्या. प्रत्येक उंबऱ्यावर त्यांचं भाषण एकच: "सोमवारी आमच्याकडं पोलीस येनार हाय. बुद्धरत्ननं काय बी केलेलं न्हाई. न्हाई केलेलं म्हनूनच येनार हाय."

 लातूरकडून येऊन इथे मशिन चालवणारे उद्धवराव मला म्हणाले, "काय न केल्यावर पोलीस येऊ लागले तर आपण काय करावं हो? आपलं तर रोजच काय न काय चालूये."

पण हळूहळू गल्लीच्या डोक्यात प्रकाश पडला. बुद्धरत्न परदेशी निघाला! आणि आमच्या शहरात प्रकाश पडला की तो सरळ फ्लेक्सवर पडतो. इकडे माणसाला स्वतःचा वाढदिवस फ्लेक्सवरून कळतो. कुणी नवीन जीप घेतली की जीपचा फ्लेक्स, कुणाचा कुत्रा प्रदर्शनात तिसरा आला की कुत्र्याचा फ्लेक्स. शनिवारी संध्याकाळी बुद्धरत्न दुसऱ्या शिफ्टला गेलेला असताना नवनाथने काम उरकलं. नवनाथचं कोपऱ्यावर फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि गल्लीतल्या कुठल्याही आनंदाला तो मापात बसवतो.

रात्री अंधारात परतताना बुद्धरत्नला काही दिसलं नाही. रविवारी सकाळी तो दूध आणायला निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी उभाच राहिला.

विजेच्या खांबापासून महापालिकेच्या खांबापर्यंत तो स्वतःच पसरला होता. चेहरा त्याचाच, पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोतला, गंभीर. कोट कुणा दुसऱ्याचा. कोटाच्या खिशातलं पेन तिसऱ्याचं असावं. डोक्यावर विमान. मागे आयफेल टॉवर, कारण नवनाथच्या कॉम्प्युटरमध्ये परदेश म्हणून तेवढंच होतं. वर ठळक अक्षरांत: 'दापोडीचा ढाण्या वाघ निघाला युरोपला!' खाली: 'निष्कलंक, निर्व्यसनी, नियमप्रिय.' आणि तळाला शुभेच्छुक म्हणून सगळी गल्ली. उद्धवराव कानाला फोन लावून, इंदुताई गॉगल घालून. हा गॉगल इंदुताईंनी जन्मात घातला नव्हता, तो नवनाथने घातला होता. महापालिकेच्या खांबावर एक पाटी होती, 'विनापरवाना फलक लावल्यास कारवाई करण्यात येईल'. फ्लेक्समुळे तिच्यातलं फक्त 'करण्यात येईल' एवढंच दिसत होतं.

बुद्धरत्न दूध विसरून नवनाथच्या दुकानात गेला.

"नवनाथ, परवानगी घेतली का?"

"कशाची?"

"फ्लेक्सची."

नवनाथने असं पाहिलं, की जणू त्याला शिंकायची परवानगी विचारली होती. "भावा, परवानगी हा शब्द मी आजपर्यंत एकदाच छापलाय. तोही मंगल कार्यालयासाठी. चप्पल घालून आत येण्यास परवानगी नाही."

"अरे, यावर गुन्हा दाखल होतो. विद्रुपीकरणाचा. ज्याचा फोटो, त्याला पहिलं धरतात."

"धरू दे की. फोटो झकास आलाय."

"उद्या पोलीस येतायत रे माझ्याकडे! माझ्यावर गुन्हा नाही, हे बघायला!"

नवनाथचा हात माऊसवरच थांबला. "हां," तो म्हणाला, "हे काय डोक्यात आलं नाही राव."

"मग काढ आत्ता."

"काढतो. पण तू जरा मागं वळून बघ, आणि मग सांग काढ म्हणून."

बुद्धरत्नने वळून पाहिलं. फ्लेक्सखाली प्लास्टिकच्या खुर्चीत सरूबाई बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर. पोलीस येणार म्हणून आठवडाभर ज्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्या सरूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने थांबवत होत्या. "ह्यो वरचा माजा ल्योक. ते इमान बी त्येच्यासाठीच हाय." रिक्षावाले थांबत होते. भाजीवाल्या शालनबाईंनी हातगाडी तिथेच लावली, कारण गर्दी तिथेच होती.

मिनल नवऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली. "आजचा दिवस राहू द्या," ती म्हणाली. "आईंना बसू दे."

तर असा हा कायद्याचा पुतळा एक अख्खा रविवार विनापरवाना राहिला. दिवसभर तो घराबाहेर पडला नाही. मला वाटतं, आपण फरार आहोत असं त्याला वाटत असावं.

सोमवारी सकाळी सरूबाई विहारात वंदनेला गेल्या, तसा हा माझ्या दारात. चौकशीसाठी पांढरा शर्ट आधीच घातलेला. विहारातली लोखंडी शिडी, जिच्यावर चढून जयंतीला दिव्यांच्या माळा लावतात, ती आम्ही दोघांनी सरूबाईंना न दिसता मागच्या दाराने आणली. मी शिडी धरली. हा चढण्याआधी डोक्यावर हेल्मेट घालायला लागला.

"अरे, शिडीला कसलं हेल्मेट?"

"उंचावर काम करताना डोक्याला संरक्षण हवं," तो म्हणाला आणि चढला.

दुपारी येणारे हवालदार सकाळीच आले. थोपटे त्यांचं नाव. पोट, मिशा आणि हातातली फाइल, तिन्ही भरघोस. त्यांनी मोटरसायकल लावली आणि वर पाहिलं. हेल्मेट घातलेला एक माणूस आठ हात लांब फ्लेक्सच्या दोरीशी झटत होता.

"ओ हेल्मेट! काय चाललंय वर?"

बुद्धरत्न तिथेच गोठला. फ्लेक्सचा एक कोपरा त्याच्या हातात, बाकीचे अजून खांबाला.

"परवानगी आहे का फ्लेक्सला?"

"नाही साहेब."

मी खालून त्याच्या पोटरीला चिमटा काढला. उपयोग झाला नाही.

"नाही? अरे वा. कुणाचा फ्लेक्स आहे?"

"माझाच साहेब."

"आणि लावताय पण तुम्हीच?"

"काढतोय साहेब."

"आम्ही दिसलो की सगळे काढतच असतात," थोपटे म्हणाले. "या खाली. नाव काय?"

"बुद्धरत्न ज्ञानदेव ओव्हाळ."

थोपट्यांनी फाइल उघडली. फाइलीतला फोटो पाहिला, फ्लेक्सवरचा पाहिला. दोन्ही एकच, फक्त एकाला कोट. मग हेल्मेट काढलेला खरा चेहरा पाहिला. "इतकी वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले, "पण ज्याचं चारित्र्य तपासायला आलो तोच गुन्ह्याच्या जागेवर शिडीसकट सापडला, असं पहिल्यांदाच होतंय."

 महिना संपत आला होता. एक नोंद झाली असती तर दाखला अडला असता, आणि पर्मनंट जागा कुणा दुसऱ्याला मिळाली असती.

तोवर गल्ली जमली होती. एरवी पोलीस दिसला की आमची गल्ली दारं लावून घेते आणि आतून टीव्ही मोठा करते. त्या दिवशी उलटं झालं. इंदुताई पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनीच पुढे आल्या.

"साहेब, मी साक्षीदार. माझं लिहून घ्या."

"बोला. माणूस कसा आहे?"

"उच्छाद आहे."

थोपट्यांचं पेन थबकलं.

"माझा कचऱ्याचा डबा यानं तीनदा परत आणून ठेवलाय. का, तर ओल्यात एक पिशवी निघाली. माझ्या गिरणीसमोर गाडी लावत नाही, का तर तिथं पिवळा पट्टा आहे. तो पट्टा मी मारलाय हो, लग्नाच्या मांडवातला रंग उरला म्हणून! सांगून दमले, ऐकत नाही!"

"माझं बी लिवा," उद्धवराव गर्दीतून घुसले. "एकदा मला ताप आलता साहेब. म्हणलं, गाडीवर दवाखान्यात सोड. तर म्हणतो, दुसरं हेल्मेट नाही. मग काय केलं असंल यानं? मला गाडीवर न घेता हाताला धरून चालत नेलं! तापात! दवाखान्याजवळ पोचेस्तोवर घामानं ताप उतरला, तिथून परत आलो."

"मग बरंच झालं की."

"बरं झालं, पण ही काय पद्धत हाय का?"

मग सगळेच सुटले. कुणाच्या वरातीतला डीजे याने दहाच्या ठोक्याला बंद करायला लावला होता. कुणाच्या पोराला रेल्वेच्या भिंतीवर नाव लिहिताना पकडून, स्वतः रंग आणून, त्याच्याचकडून भिंत रंगवून घेतली होती. शालनबाई म्हणाल्या की हा सुटे पैसे जास्त आले तर परत द्यायला इतक्यांदा येतो, की गिऱ्हाइकांपुढे त्यांना हिशेब येत नाही असं दिसतं. गल्लीच्या मनात वीस वर्षं साचलेलं सगळं थोपट्यांच्या फाइलीवर ओतलं जात होतं. आणि मधोमध बुद्धरत्न मान खाली घालून उभा. आपली बाजू मांडली जातेय हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

गर्दी बाजूला सारत सरूबाई आल्या. लोंबकळणारा फ्लेक्स त्यांनी पाहिला. 

"का काढलास रं?"

"आई, नियमात बसत नाही तो."

सरूबाईंनी पोलिसाकडे पाहिलं. आठवडाभराची भीती कुठे गेली कोण जाणे. त्या सरळ थोपट्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, ह्यो असाच हाय. माजी बहीन रुळाच्या पल्याड ऱ्हाती. समदी दापोडी रूळ वलांडून जाती. मला म्हातारीला ह्यो पूल चढाया लावतो! माजं दोनी गुडघं गेलं ह्येच्या कायद्यापायी. ह्येला आत घालायचं आसंल तर घाला, पन कायदा मोडला म्हनून घालू नका. त्ये कुनालाच पटनार न्हाई."

थोपटे आधी मिशीत हसले, मग पोट हलायला लागलं, मग फाइल मोटरसायकलवर ठेवून ते मोकळे हसले. गल्लीही हसली. हसला नाही तो एकटा बुद्धरत्न.

"साहेब," तो म्हणाला, "तरी पण फ्लेक्स दोन दिवस लागला होता, हे खरं आहे. त्याची नोंद करायला हवी."

मिनलने कपाळावर हात मारला. "अहो, गप्प बसा ना आता!"

"ओव्हाळ," थोपटे म्हणाले, "तुमच्यावर एखादा गुन्हा दाखल आहे का, एवढंच मला बघायचंय. ठाण्यातली सगळी रजिस्टरं पाहून आलोय. काही नाही. फ्लेक्सचं काम महापालिकेचं. तुम्ही लावला का तो?"

"नाही."

"मग कुणी लावला?"

 बुद्धरत्न खोटं बोलणार नाही आणि नवनाथचं नाव सांगणार नाही, हे आम्हाला माहीत होतं. या दोन गोष्टी एका तोंडात कशा मावणार ते मात्र कळेना. थोपट्यांनी फ्लेक्सच्या तळाच्या ओळीकडे पाहिलं. मग समोरच्या गर्दीकडे पाहिलं. तेच चेहरे, त्याच क्रमाने म्हणा ना.

"आरोपींची यादी फोटोसकट छापून लावणारी गल्ली मीही पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "गॉगलवाल्या कोण? तुम्ही का? काढा सगळ्यांनी मिळून. आत्ता, माझ्यासमोर. आणि हे ओव्हाळ आणि तो छापणारा, दोघांनी महापालिकेच्या कार्यालयात जाऊन चूक झाली म्हणून लिहून द्या. त्याशिवाय यांना झोप लागणार नाही."

इतके हात एकदम लागले, की फ्लेक्स खाली आला तो अर्धी गल्ली घेऊनच. आयफेल टॉवरखालून उद्धवरावांना ओढून काढावं लागलं. त्याच दुपारी बुद्धरत्न नवनाथला घेऊन कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला. "काढला ना? पुन्हा लावू नका, घरी जा," म्हणाल्या. याने पोच मागितली. त्यांनी शिक्का मारून दिली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दाखल्याचा पत्ता नाही, नोकरीचं जुळवणाऱ्या एजंटाचा रोज फोन. बुद्धरत्न कामावरून आला की मोबाइल समोर ठेवून बसायचा. "नोंद केली असती तर निदान मन तरी साफ राहिलं असतं," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा मिनलने त्याला जेवायच्या ताटावरून उठवलं नाही एवढंच. गिरणी बंद करताना इंदुताई रोज विचारायच्या, "आला का हो त्या उच्छादाचा कागद?"

महिना संपायच्या तोंडावर मेसेज आला. बुद्धरत्न जाऊन दाखला घेऊन आला आणि ओव्हाळांच्या खोलीत मावेल तेवढी गल्ली मावली. सरूबाई पाटावर बसल्या. दाखला इंग्रजीत होता. मिनलने तो मराठीत सांगितला, "या व्यक्तीच्या विरुद्ध प्रतिकूल असं काही आढळलं नाही."

सरूबाई वाट बघत राहिल्या. "फुडं?"

"पुढं सही आणि शिक्का."

"शिक्का ऱ्हाऊ दे, मजकूर वाच."

"मजकूर एवढाच आहे आई."

सरूबाईंचा चेहरा उतरला. "येवडी गल्ली येवडं बोलली, त्या सायबानं समदं कान दिऊन ऐकलं, आन् लिवलं काय, तर वाईट न्हाई! चांगला हाय आसं लिवाया काय झालं हुतं? त्या तिकडच्या मानसांना कळावं कसं?"

"आई, सरकार एवढंच लिहितं," बुद्धरत्न म्हणाला. त्याच्या मनात आनंद मावत नव्हता आणि आईपुढे तो दाखवताही येत नव्हता.

"ह्ये बग, खाली किती जागा हाय. मी सांगते, मिनल लिवंल."

"आई!" बुद्धरत्नने दाखला दोन्ही हातांनी छातीशी धरला. "सरकारी कागदावर काही लिहायचं नसतं!"

मिनल काही न बोलता उठली, दाखला घेऊन कोपऱ्यावर गेली आणि झेरॉक्स काढून आली. "आणि याच्यावर?"

बुद्धरत्न विचारात पडला. याला आडवा येणारा एखादा नियम आहे का, हे तो मनातल्या मनात धुंडाळत होता. 

"झेरॉक्सवर," तो शेवटी म्हणाला, "चालेल."

सरूबाई पाटावर सावरून बसल्या. मिनलने पेन उघडलं. कुणी म्हणालं, प्रामाणिक लिहा. कुणी म्हणालं, कामसू लिहा. सरूबाईंनी हाताने सगळ्यांना गप्प केलं.

"लिव," त्या म्हणाल्या. "जेवाया वाढलं की आधी नको म्हनतो. दोनदा नको म्हनतो. तिसऱ्यांदा वाढायचं. मंग खातो."